नद्यांना आडवा जाणारा रस्ता : सोलापूर–धुळे महामार्ग

पंजाबातील संगरूर ते कर्नाटकच्या किनाऱ्यावरील अंकोला असा सुमारे २,३०० किलोमीटर लांबीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ सहा राज्यांतून जातो. दक्षिण सोलापूर तालुक्यातील टाकळीजवळ भीमा ओलांडून तो महाराष्ट्रात येतो आणि धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या पुढे पळासनेरपाशी मध्य प्रदेशात शिरतो. या दोन टोकांच्या मध्ये सोलापूर, धाराशिव, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, जळगाव आणि धुळे असे सात जिल्हे लागतात. जालना आणि जळगाव यांचा केवळ कोपरा त्याला लागतो. धाराशिव आणि बीड या दोन जिल्ह्यांचा मात्र तो कणाच आहे.

५२ हा क्रमांक नवा आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशभरातील राष्ट्रीय महामार्गांची फेरआखणी केली. उत्तर–दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आणि पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक असा नियम तेव्हा लावला गेला. त्याआधी आजच्या या एका रस्त्याचे महाराष्ट्रात तीन तुकडे होते. पळासनेर ते धुळे हा भाग मुंबई–आग्रा महामार्गाचा, म्हणजे जुन्या क्रमांक ३ चा होता. सोलापूरहून विजयपूरकडे जाणारा जुना क्रमांक १३. आणि मधला, सर्वांत लांब, सुमारे चारशे किलोमीटरचा सोलापूर–धुळे रस्ता म्हणजे क्रमांक २११. हा तिसरा तुकडा आरंभापासून शेवटापर्यंत महाराष्ट्रातच होता. धाराशिव, बीडकडचे चालक आणि ढाबेवाले अजूनही ‘दोनशे अकरा’ म्हणूनच त्याचा उल्लेख करतात.

महाराष्ट्राच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. तापी सोडली तर राज्याच्या या भागातील मोठ्या नद्या पूर्वेला किंवा आग्नेयेला वाहतात आणि त्यांच्यामधल्या डोंगररांगाही त्याच दिशेने पसरलेल्या आहेत. पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याला ही रचना सोयीची पडते. उत्तर–दक्षिण जाणाऱ्या रस्त्याला मात्र प्रत्येक नदी आडवी लागते आणि प्रत्येक रांग चढून उतरावी लागते. भीमा, बालाघाटाची रांग, मांजरा, गोदावरी, अजिंठा–सातमाळ्याची रांग, गिरणा, तापी, आणि शेवटी सातपुडा, अशी या महामार्गाची खरी अनुक्रमणिका आहे. गावांची यादी तिच्यानंतर येते. हा रस्ता इतक्या उशिरा ‘महामार्ग’ का झाला याचे अर्धे उत्तर या भूगोलात आहे. उरलेले अर्धे राजकीय इतिहासात आहे.

या प्रदेशातून माल आणि माणसे फार पूर्वीपासून ये-जा करत आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांची नावे येतात : पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर त्यात दिले आहे. तगरहून साधे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांतून भडोचला जात, तीही धड रस्ता नसलेल्या मुलखातून, अशी नोंद आहे. हे तगर म्हणजे धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेरणेच्या काठी असलेले तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत मिळालेल्या भारतीय मूर्तीशी मिळतीजुळती आहे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात रोमन संपर्काच्या कितीतरी खुणा आहेत. विटांचे बौद्ध चैत्यगृह पुढे त्रिविक्रमाचे मंदिर बनले आणि संत गोरोबा काकांची समाधीही याच गावात आहे. आजचा महामार्ग तेरला शिवत नाही. पण भीमा आणि गोदावरी यांच्यामधला हा पट्टा व्यापाराला अपरिचित नव्हता, हे तेरमुळे पक्के ठरते. धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील बौद्ध आणि जैन लेणीही अशाच वर्दळीच्या मुलखात कोरली गेली असणार.

मध्ययुगात मात्र मोठी सैन्ये सहसा थोडी पश्चिमेची, अहमदनगरवरची वाट धरत. औरंगजेब विजापूरच्या मोहिमेसाठी १६८५ मध्ये सोलापुरास आला तोही नगरकडून. बालाघाटाच्या माथ्यावर पाणी कमी. हजारो घोडी, बैल आणि हत्ती घेऊन चालणाऱ्या छावणीला तो परवडणारा नव्हता. या डोंगराळ पट्ट्याच्या आसपास नळदुर्ग, परंडा, औसा, धारूर असे किल्ले आदिलशाही आणि निजामशाही यांच्या हद्दी राखत होते. सीमेवरचा मुलूख अशीच या भागाची ओळख पुढे तीन-चार शतके टिकली.

महामार्गाचा महाराष्ट्रातील प्रवास भीमेच्या पुलापासून सुरू होतो. टाकळी, नांदणी, हत्तूर ही गावे मागे टाकत तो सोलापूरला पोहोचतो. सोलापूरला पुणे–हैदराबाद–मच्छलीपट्टण हा राष्ट्रीय महामार्ग ६५, म्हणजे जुना क्रमांक ९, त्याला छेदतो. १८६० च्या सुमारास मुंबईहून येणारी रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली आणि १८७० च्या दशकात इथे कापड गिरणी उभी राहिली. तेव्हापासून बालाघाटावरचा कापूस, ज्वारी आणि डाळी यांची ओढ सोलापूर आणि बार्शी या दोन बाजारांकडे राहिली. आजच्या महामार्गाचा दक्षिणेकडील पट्टा घडवला तो या ओढीने. शहराबाहेर पडताच रस्त्यालगत हिप्परग्याचा तलाव दिसतो. एकरुख या नावानेही ओळखला जाणारा हा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला.

तामलवाडीचा टोलनाका ओलांडला की धाराशिव जिल्हा. इथून तुळजापूरपर्यंत जमीन हळूहळू उंचावते आणि शेवटी घाट लागतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. तुळजापूर त्याहून दोनशे मीटरनी वर, बालाघाटाच्या थेट कडेवर वसले आहे. भवानी देवीचे मंदिर डोंगराच्या उतरणीत असल्याने भक्ताला रस्त्याने वर चढून पुन्हा पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. घाटाच्या माथ्याशी असलेले घाटशीळ मंदिर हे या वाटेचे जुने ठाणे. सोलापूरकडून चढून येणाऱ्याचा पहिला नमस्कार तिथे पडतो.

या टप्प्यावरची वर्षातील सर्वांत मोठी गर्दी वाहनांची नसते. घटस्थापनेच्या आधीपासून गावोगावची तरुण मंडळे तुळजापुरास येतात, मंदिरातून भवानी ज्योत पेटवून घेतात आणि ती हातात धरून पाळीपाळीने धावत आपल्या गावी नेतात. त्या दिवसांत बीडपासून विजयपूरपर्यंत या महामार्गाच्या कडेने अनवाणी धावणारी पोरे आणि त्यांच्या मागून संथ चालणारा टेम्पो हे नेहमीचे दृश्य असते. दसऱ्यानंतर येणारी कोजागरी पौर्णिमा त्याहून मोठी. सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो भाविक रात्रभर चालत येतात. परडी घेतलेल्या आराधी बाया, हलगीचा ताल, ठिकठिकाणी चहा-फराळाचे मंडप आणि पायाला तेल चोळून देणारे सेवेकरी यांनी रस्ता भरून जातो. चौपदरी राष्ट्रीय महामार्ग असला तरी त्या काळात सोलापूर–तुळजापूर वाहतूक दुसरीकडे वळवावी लागते. महामार्गाच्या आखणीत यात्रेचा विचार असायला हवा होता, असे इथे कुणालाही वाटेल. पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टी ठेवणे ही अशा रस्त्यावर चैन नव्हे.

तुळजापूर हा आता मोठा तिठा झाला आहे. लातूर, नांदेड, यवतमाळ आणि वर्ध्यावरून नागपूरजवळच्या बुटीबोरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ इथूनच निघतो. रत्नागिरी–नागपूर अशी सलग वाहतूक कोल्हापूर, मिरज, सांगोला, सोलापूर असे करत येते आणि सोलापूर–तुळजापूर हा तुकडा ५२ कडून उसना घेते. दक्षिणेला नळदुर्गाकडे जाणारा रस्ता महामार्ग ६५ ला मिळतो.

५२ आणि ६५ या दोन महामार्गांच्या मधला त्रिकोण, सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग, हैदराबादच्या इतिहासात निर्णायक ठरला. आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. नळदुर्ग हे आरंभी जिल्ह्याचे ठाणे. १८५३ च्या तहाने धाराशिवचा हा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. त्या मधल्या काळात इथला कारभार पाहणारा अधिकारी म्हणजे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक मेडोज टेलर. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवला आले आणि पुढे सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून जिल्हा उस्मानाबाद झाला. धाराशिव हे नाव अधिकृतपणे परतले ते २०२३ मध्ये.

सोलापूर मात्र इंग्रजी हद्दीत. बार्शी तालुकाही इंग्रजी, पण त्याच्या बहुतेक सर्व बाजूंना निजामी गावे. दुसऱ्या टोकाला धुळे आणि चाळीसगावही इंग्रजी खानदेशात. म्हणजे आज सलग वाटणाऱ्या सोलापूर–धुळे रस्त्याची दोन्ही टोके एका राज्यात आणि मधला जवळजवळ सगळा भाग दुसऱ्या राज्यात होता. हद्दीवर निजामाच्या करोडगिरी खात्याचे नाके होते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे. अशा स्थितीत दोन्ही टोकांना जोडणारा एक पक्का रस्ता व्हावा, ही गरज ना मुंबई सरकारला वाटली, ना हैदराबाद दरबाराला. हैदराबादसाठी महत्त्वाचा होता तो राजधानीकडे जाणारा पूर्व–पश्चिम रस्ता. निजामाच्या रेल्वे-रस्ता खात्याने १९३२ मध्ये सरकारी बस वाहतूक सुरू केली तेव्हाही सारा ओघ हैदराबादकडेच होता.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबाद राज्यात शिरले. मुख्य तुकडी सोलापूर–सिकंदराबाद रस्त्याने निघाली. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेणे हे पहिले काम होते. पूल शाबूत हाती आला आणि रणगाड्यांचा मार्ग मोकळा झाला. सकाळी नऊला ही तुकडी जळकोटमध्ये होती आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात, म्हणजे हद्दीच्या ६१ किलोमीटर आत. दुसरी तुकडी सोलापूरहून आजच्या महामार्ग ५२ च्या दिशेने तुळजापूरवर चालून गेली. तिथे हैदराबादी पायदळ आणि दोनशेच्या आसपास रझाकार यांनी दोन तास प्रतिकार करून शस्त्रे ठेवली. लोहाऱ्याकडची पुढची चाल मात्र पुराने फुगलेल्या नदीमुळे अडली. पाच दिवसांच्या या मोहिमेतला सोलापूरच्या बाजूचा पहिला दिवस म्हणजे एक पूल, एक घाट आणि एक भरलेली नदी यांची गोष्ट आहे. रस्त्याचे लष्करी महत्त्व पुस्तकात वाचण्यापेक्षा नकाशावर लवकर कळते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि रस्त्यांची दिशा हळूहळू पालटली. हैदराबाद आता परराज्याची राजधानी झाले. विभागाचे ठाणे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. १९५८ मध्ये तिथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. परीक्षेचे काम, कोर्टाची तारीख, विभागीय आयुक्तांकडचे अपील, मोठे रुग्णालय, या सगळ्यासाठी उस्मानाबादच्या माणसाला उत्तरेकडची एसटी धरावी लागू लागली. सोलापूर–औरंगाबाद रस्त्याचे महत्त्व वाढले ते असे, सरकारी कामाच्या खेपांतून.

तुळजापूरहून धाराशिव बावीस-तेवीस किलोमीटर. तिथून पुढे येडशी, येरमाळा आणि तेरखेड्यापर्यंतचा रस्ता साधारणपणे बालाघाटाच्या माथ्यावरून जातो. बाकी सर्वत्र नद्यांना आडवा जाणारा हा महामार्ग धाराशिव जिल्ह्यात मात्र पाणलोटाच्या रेषेला धरून चालतो. रस्त्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस तेरणेला मिळतो, तेरणा मांजरेला आणि मांजरा गोदावरीला. पश्चिमेला पडलेला पाऊस भोगावती, सीना, भीमा असा कृष्णेत जातो. तेरणेचा उगमही तेरखेड्याच्या परिसरात. म्हणूनच जिल्ह्यातील शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात मोऱ्या आणि लहान पूल पुष्कळ, पण मोठी नदी थेट उत्तर सीमेवर, मांजरेच्या रूपाने भेटते. रस्ता बांधणाऱ्याला ही वाट सोयीची. पण माथ्यावर पाणी थांबत नाही. महामार्गालगतच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

धाराशिव शहराच्या नशिबी रेल्वे उशिरा आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शी, येडशीवरून लातूरला गेली, पण जिल्ह्याचे ठाणे तिने बाजूला ठेवले. रुंद रूळ टाकताना मार्ग बदलला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात उस्मानाबादला स्थानक मिळाले. तोवर या शहराचा सारा भार रस्त्यावर होता. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाचे काम अलीकडे सुरू झाले असून तो बहुतांशी महामार्गाच्याच सोबतीने जाणार आहे.

येडशीला बार्शी–लातूर रस्ता महामार्गाला ओलांडतो. जवळच रामलिंगाचे मंदिर एका घळीत आहे आणि त्याच्याभोवतीचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे जंगल अभयारण्य म्हणून राखले आहे. जटायूची कथा या ठिकाणाशी जोडलेली आहे. पावसाळ्यात इथला धबधबा पाहायला लातूर, सोलापूरहून गर्दी होते. पुढे येरमाळा : येडेश्वरी देवीचे गाव. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत भाविक चुन्याच्या रानात चुनखडी वेचतात, ती देवळाच्या डागडुजीच्या जुन्या सेवेची आठवण मानली जाते. तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो; दिवाळीपूर्वी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना फटाक्यांची दुकाने लागतात आणि लांबलांबचे व्यापारी इथे माल भरायला येतात. कोरडी हवा आणि शेतीत पुरेसे काम नसणे या दोन गोष्टींनी हा धंदा इथे रुजवला. त्यातले अपघातही गावाने सोसले आहेत. त्यापुढे सरमकुंडी फाट्यावर पेढ्यांची दुकाने. भूम आणि वाशी तालुक्यांत दुधापेक्षा खवा विकण्याची रीत आहे, कारण माळरानावर चरणाऱ्या जनावरांचे थोडे थोडे दूध दूरच्या डेअरीत पोहोचेपर्यंत टिकत नसे. आता माथ्यावरचा वारा अडवणाऱ्या पवनचक्क्यांच्या रांगा रस्त्यावरून दिसतात.

या रस्त्याची बांधणी समजायची तर पायाखालची माती पाहावी लागते. सारा प्रदेश बेसाल्ट खडकाचा. माथ्यावर खडक आणि मुरूम लगेच लागतो, त्यामुळे तिथे रस्ता टिकतो. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत उतरले की काळी माती सुरू होते. ही माती पावसात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचा डांबरी थर कितीही चांगला असला तरी खालची जमीन हलली की रस्ता लाटेसारखा उठतो. म्हणून काळी माती काढून मुरमाचा भराव टाकणे, रस्ता शेतापेक्षा उंच उचलणे आणि दोन्ही बाजूंना पाण्याला वाट करून देणे, ही इथली खरी कामे. गेल्या पिढीने पाहिलेला ‘दोनशे अकरा’ एका गाडीला सोडण्यासाठी दुसरीला साईडपट्टीवर उतरायला लावणारा होता, आणि पावसाळ्यात ती साईडपट्टीच चिखलाची असे.

रस्त्याच्या इतिहासात १९७२ च्या दुष्काळाला मोठे स्थान आहे. बीड आणि उस्मानाबाद हे त्या दुष्काळात अतिशय होरपळलेले जिल्हे. हजारो शेतकरी आणि शेतमजूर बायकापुरुष खडी फोडण्याच्या कामावर गेले. मराठवाड्यातील कितीतरी जोडरस्त्यांचा पहिला भराव त्या वर्षी पडला. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. महामार्गाला येऊन मिळणारे फाटे, ज्यांच्यावर आज वडापच्या जीपा उभ्या असतात, ते बहुतांशी दुष्काळी कामांचे देणे आहे.

चौपदरीकरण झाले ते २०१० च्या दशकात, खासगी कंपनीने बांधायचे आणि टोल घेऊन खर्च वसूल करायचा या पद्धतीने. त्यासाठी रस्त्याचे दोन मोठे भाग पाडले गेले : सोलापूर ते येडशी सुमारे ९९ किलोमीटर आणि येडशी ते औरंगाबाद सुमारे १८९ किलोमीटर. धाराशिव, तुळजापूर, बीड या शहरांना बाहेरून वळसा मिळाला. प्रवासाचा वेळ घटला, पण जुन्या रस्त्यावरची हॉटेले, पंक्चरची दुकाने आणि फळगाडे ओस पडले, आणि वळणरस्त्यावर मोठ्या पार्किंगची नवी हॉटेले उभी राहिली. दुभाजकामुळे ज्यांचे शेत एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला राहिले, अशांना बैलगाडी घेऊन लांबच्या भुयारी मार्गापर्यंत जावे लागते; म्हणून दुभाजक फोडून केलेल्या बेकायदा वाटा आणि त्यावरचे अपघात हा या महामार्गाचा कायमचा दोष बनला आहे.

पारगावजवळ मांजरा ओलांडली की बीड जिल्हा. पाटोदा तालुक्यात उगम पावलेली ही नदी इथे अजून लहान आहे. चौसाळ्यानंतर मांजरसुंबा येते. अंबाजोगाई आणि पाटोद्याकडचे रस्ते इथे फुटतात. दसऱ्यानंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या याच वाटांनी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. ट्रक-ट्रॅक्टरवर संसार, कोयते, शेळ्या आणि मुले, असे काही आठवडे चालते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उलटा प्रवास. मांजरसुंब्याचा घाट उतरून रस्ता बिंदुसरेच्या काठच्या बीड शहराकडे जातो. या शहरापर्यंत प्रवासी रेल्वे यायला २०२५ साल उजाडले, यावरून इथे रस्त्याचे मोल कळावे.

पुढचा गोदावरी खोऱ्याचा पट्टा सपाट आणि काळा. गेवराईच्या अलीकडे गढीजवळ कल्याण–नगर–नांदेड रस्ता, आजचा महामार्ग ६१, भेटतो. शहागडला गोदावरी ओलांडताना महामार्ग जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात शिरतो. इथून जवळच, गोदेच्या दक्षिण तीरावर, राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्याने निजामाच्या सैन्याचा तिथे पराभव केला तो नदीच्या पुराचा फायदा घेऊन : निजाम स्वतः पलीकडे उतरला होता आणि अलीकडच्या फौजेला मदत पोहोचवणे अशक्य झाले. पाचोड हे मोसंबीच्या बाजाराचे गाव. आडूळ मागे पडले की छत्रपती संभाजीनगरची वस्ती सुरू होते आणि जड वाहने झाल्ट्याहून करोडीकडे वळणरस्त्याने जातात.

जुना रस्ता शहरातून, दौलताबादच्या तटाच्या दरवाजातून आणि खुलताबादच्या घाटातून जाई. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीकरांना देवगिरीकडे हलवले तेव्हा दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा मार्ग झाडांच्या सावलीतून जात असे, असे इब्न बतूताने लिहिले आहे. त्या मार्गाच्या शेवटच्या दरवाजातून सोळा चाकी ट्रक काढण्याची कसरत विसाव्या आणि एकविसाव्या शतकात रोज चाले, आणि तासन्‌तास कोंडी होई. नव्या आखणीने दौलताबाद आणि खुलताबादला बाजूला ठेवून ही कोंडी फोडली.

वेरूळ, कन्नड असे करत रस्ता तेलवाडीला पोहोचतो आणि पठार संपते. खाली खानदेश. या उताराला औट्रम घाट किंवा कन्नडचा घाट म्हणतात. १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम याचे नाव त्याला मिळाले, आणि भोवतीच्या गौताळा अभयारण्याच्या नावातही ते जोडलेले आहे. संपूर्ण महामार्गातला हा सर्वांत कच्चा दुवा. वळणे तीव्र, रस्ता अरुंद, जंगलामुळे रुंदीकरणाला मर्यादा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगाव परिसरात पूर आला. घाट बराच काळ बंद राहिला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना इथे मनाई झाली आणि ट्रकांना नांदगावमार्गे वळसा घालावा लागू लागला. बोगद्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. वर चौपदरी, खाली चौपदरी आणि मध्ये हा घाट, अशा अवस्थेत सोलापूर–धुळे सलग महामार्ग हे वर्णन जड वाहनांपुरते अपुरेच राहते.

घाटाखाली बोढरे, चाळीसगाव, मग मेहुणबाऱ्याला गिरणेचा पूल आणि धुळे. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचे ठाणे म्हणून निवडलेले हे शहर आज रस्त्यांचे मोठे जंक्शन आहे : मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरचा रस्ता इथे एकत्र येतात. जुना २११ इथे संपतो. ५२ मात्र मुंबई–आग्रा रस्त्याच्या रुळलेल्या वाटेने उत्तरेला निघतो, सावळद्याजवळ तापी ओलांडतो, शिरपूर मागे टाकतो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पळासनेरला येतो. मध्य प्रदेशाच्या बाजूने बिजासन घाटाचा उतार उतरून आलेल्या वाहनांचे ब्रेक निकामी होण्याच्या घटना या गावाने वारंवार पाहिल्या आहेत. जुलै २०२३ मध्ये एक कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसून मोठी जीवितहानी झाली. गावानंतर थोड्याच अंतरावर राज्याची हद्द लागते आणि पुढचा चढ सेंधव्याच्या वाटेवरचा आहे.